गोल कुणाचा, हातभार कुणाचा: आइस हॉकीतल्या निवृत्त खेळाडूंची कारकीर्द कशी वाचायची

८९४, १९६३, २८५७.

हे तीन आकडे मला आमच्या गावच्या वाचनालयात नववीतल्या एका पोरानं दाखवले. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. कापूस घरात आला की आमच्याकडे रात्रीच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात, आणि गुणतक्ता लिहायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे खेळातला कुठलाही आकडा अडला की पोरं माझ्याकडे येतात. या पोराला मोबाइलवर वेन ग्रेट्झकी या कॅनडाच्या निवृत्त आइस हॉकीपटूची कारकीर्द सापडली होती. म्हणाला, "काका, यानं गोल मारले ८९४. मंग हे १९६३ कायचे हायेत? अन् खाली २८५७ कुठून आले?"

बेरीज करून पाहा. ८९४ आणि १९६३ मिळून २८५७ होतात. ८९४ हे त्यानं स्वतः मारलेले गोल. १९६३ हे असिस्ट, म्हणजे दुसऱ्यानं मारलेल्या गोलांत त्याचा हातभार. दोन्ही मिळून पॉइंट. एवढं सांगून पोराला घरी पाठवता आलं असतं. पण त्या १९६३ च्या रकान्यापाशी मीच अडकलो. पुढचे दोन-तीन महिने या खेळातल्या जुन्या माणसांचे हिशेब वाचत बसलो. जे समजलं ते इथे सांगतो.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, मैदान आठवतं. ही हॉकी बर्फावरची. पायात पात्याचे स्केट्स, हातात लांब वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. पक तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळपास आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढंच. मे महिन्यात आमच्या शेजारी लग्न होतं. बारदान्यात गुंडाळून, वर भुसा टाकून बर्फाची लादी आली होती. मी टायरवाल्याकडून तेवढ्याच मापाची रबराची चकती कापून आणली, लादी पुसली आणि बोटानं चकती नुसती ढकलली. ती या टोकावरून त्या टोकाला गेली, थांबली नाही, खाली मातीत पडली. त्या पोराचे डोळे मोठे झाले. बोटाच्या ढकलण्यानं एवढं, तर काठीच्या फटक्यानं काय होत असेल! खऱ्या सामन्याआधी तर पक फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात, म्हणजे तो उसळत नाही, सपाट घसरतो.

मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. क्षेत्रफळ काढलं तर आपली कबड्डीची बारा मैदानं होतात. एका वेळी एका संघाचे सहा जण बर्फावर, त्यात एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाचा वेग असा की माणूस पाऊण मिनिटात दमतो, बाकावर येतो आणि दुसरा आत उडी मारतो, तेही खेळ न थांबवता. ही अदलाबदल ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, सगळे तिला एनएचएल म्हणतात, ती १९१७ साली सुरू झाली. आज तिच्यात अमेरिका आणि कॅनडाचे मिळून ३२ संघ आहेत. या खेळातले बहुतेक मोठे आकडे तिथलेच असतात.

आता असिस्ट. कबड्डीत रेडर आत आला, डाव्या कोपऱ्यानं त्याचा घोटा धरला. रेडर त्याला फरफटत मध्यरेषेकडे ओढतोय. तेवढ्यात मधला गडी धावून आला, त्यानं कमरेला मिठी मारली आणि रेडर आडवा झाला. पकड कुणाची? आमच्या तक्त्यावर संघाच्या पुढच्या आकड्यावर तिरपी रेघ पडते, बस. लोकांच्या तोंडी नाव राहतं ते कमरेला मिठी मारणाऱ्याचं, कारण शेवटी वर तोच दिसला. घोटा सोडला असता तर रेडर केव्हाच घरी गेला असता, हे पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुका पातळीवरच्या स्पर्धेत हे माझ्यासमोर घडलं. आमच्या गावच्या एका गड्यानं तीन दिवस घोटे धरले, त्याची कोपरं सोलून निघाली. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस दुसऱ्याला गेलं. आयोजकांनी माझा तक्ता मागून पाहिला होता, पण त्या गड्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता. ते मला अजून सलतं.

आइस हॉकीत तो रकाना जवळपास शंभर वर्षांपासून आहे. गोल झाला की गुणलेखक मारणाऱ्याचं नाव लिहितो, आणि त्याच्याआधी ज्या दोन सहकाऱ्यांच्या काठीला पक लागला त्यांचीही नावं लिहितो. अट एकच, मधे तो प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेलेला नसावा. जास्तीत जास्त दोन असिस्ट. गोलाचा एक पॉइंट, असिस्टचाही एकच. पास देणाऱ्याला अर्धा नाही, पाव नाही, पूर्ण एक.

म्हणून ग्रेट्झकीचा हिशेब असा डोळ्यात भरतो. लीगच्या इतिहासात एकूण पॉइंटमध्ये त्याच्या खालोखाल झेक खेळाडू यारोमिर यागर आहे, १९२१ पॉइंट. म्हणजे ग्रेट्झकीचे सगळे ८९४ गोल पुसून टाका, नुसते असिस्ट ठेवा, तरी तो पहिलाच. २०२५ च्या ६ एप्रिलला रशियाच्या अलेक्झांडर ओवेच्किननं ८९५ वा गोल मारून त्याचा गोलांचा विक्रम मोडला. असिस्टच्या विक्रमाच्या आसपास मात्र कुणी नाही. १९८५-८६ च्या एका मोसमात त्यानं १६३ असिस्ट दिले, त्या वर्षी एकूण पॉइंट २१५.

हे त्याला जमलं कसं? अंगानं तो काही पहिलवान नव्हता. त्यानं एक जागा हेरली होती: प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळीच्या मागची. आइस हॉकीत जाळीच्या मागेही मैदान असतं. तिथे तो पक घेऊन उभा राहायचा. समोरून धावून जावं तर तो जाळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं निघणार, आणि न जावं तर समोर मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याला पास देणार. गोलरक्षकाला एकाच वेळी मागे आणि पुढे पाहावं लागायचं. त्या जागेला लोक त्याचं ऑफिसच म्हणू लागले. त्याच्या पासवर गोल मारणाऱ्यांत फिनलंडचा यारी कुरी मोठा. त्याचे स्वतःचे ६०१ गोल आहेत. एडमंटन ऑइलर्सकडून ग्रेट्झकीनं १९८४, ८५, ८७ आणि ८८ असे चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्या संघाला मिळणारा चषक, जिंकला. १९९९ ला तो निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी ९९ नंबरची जर्सी लीगमधल्या सगळ्याच संघांनी कायमची बाजूला ठेवली. आता तो नंबर एनएचएलमध्ये कुणालाच मिळत नाही.

इथे थोडं थांबायला हवं. दोन काळांतले आकडे सरळ एकमेकांसमोर मांडले की गफलत होते. आपल्याकडे कुणी सांगितलं, एकरी सहा क्विंटल कापूस झाला, तर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ओलिताचा की कोरडवाहू? कोरडवाहूत सहा क्विंटल काढणारा माणूस ओलितात दहा काढणाऱ्यापेक्षा कमी शेतकरी नव्हे. तसंच हे. १९८१-८२ च्या मोसमात एनएचएलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. त्याच मोसमात ग्रेट्झकीनं ९२ गोल मारले, पहिले ५० तर फक्त ३९ सामन्यांत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीच सरासरी सव्वापाचाच्या आसपास आली. गोलरक्षकांची साधनं मोठी झाली, तंत्र बदललं, संघ बचाव आखून खेळू लागले. त्या काळात ५० गोल मारणाऱ्यानं कोरडवाहूत पीक काढलं असं समजा.

मोसमाची लांबीही पाहावी लागते. मॉन्ट्रियलच्या मोरीस रिशारनं १९४४-४५ मध्ये ५० गोल मारले, तेव्हा मोसमच ५० सामन्यांचा होता. सामन्याला एक गोल! असं आधी कुणी केलं नव्हतं. पुढे १९५७ मध्ये ५०० गोलांचा टप्पाही सर्वात आधी त्यानंच गाठला. त्याचे एकूण ५४४ गोल आजच्या यादीत फार वर दिसत नाहीत, पण यादी खाली सरकत गेली ती मोसम ७०, मग ८०, मग ८२ सामन्यांचा होत गेला तेव्हा.

टिकण्याचा विक्रम वेगळा मोजावा. गॉर्डी हाउ १९४६ ला एनएचएलमध्ये आला आणि १९८० ला शेवटचा सामना खेळला तेव्हा ५२ वर्षांचा होता. एनएचएलचे २६ मोसम, १७६७ सामने, ८०१ गोल. मधल्या काळात तो दुसऱ्या एका लीगमध्ये ह्यूस्टनकडून आपल्या दोन पोरांच्या, मार्क आणि मार्टीच्या, सोबत एकाच संघात खेळला. बाप आणि दोन लेक एका बर्फावर! आमच्याकडे शेतात तीन पिढ्या एकत्र राबतात, पण मैदानात असं मी पाहिलेलं नाही. या माणसाच्या डोक्याला १९५० मध्ये असा मार लागला होता की कवटीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर तो तीस वर्षं खेळला.

दुसऱ्या टोकाला बॉबी ऑर. बोस्टनचा बचावपटू, नंबर ४. सामने फक्त ६५७, गोल २७०, पॉइंट ९१५. गुडघ्यांनी साथ सोडली आणि १९७८ मध्ये तिशीतच खेळ थांबला. नुसती बेरीज पाहिली तर हाउचे १८५० पॉइंट ऑरच्या दुप्पट. पण भागाकार करा. हाउचा सामन्यामागे एक पॉइंट आणि थोडं वर. ऑरचा जवळपास १.४, तोही बचावपटू असताना, ज्याचं मुख्य काम गोल थांबवणं. पूर्ण लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट मिळवणाऱ्याला आर्ट रॉस ट्रॉफी मिळते. बचावपटूंमध्ये ती फक्त ऑरनं जिंकली, तीही दोनदा. उत्कृष्ट बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्यानं सलग आठ वर्षं घेतली.

ऑरच्याच हिशेबात आणखी एक रकाना आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडला: प्लस-मायनस. मघाची अदलाबदल आठवा. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघानं गोल मारला तर तुम्हाला अधिक एक. मग पक तुमच्या काठीला लागलेला असो वा नसो. तुम्ही बर्फावर असताना गोल खाल्ला तर उणे एक. समोरच्या संघाचा माणूस शिक्षेला बसलेला असताना मारलेला गोल यात धरत नाहीत, कारण तिथे संख्याबळाचा फायदा असतो. १९७०-७१ च्या मोसमात ऑरचा हा आकडा होता अधिक १२४. तो विक्रम अजून आहे. म्हणजे तो आत असताना पारडं कुणाकडे झुकायचं हे त्या एका आकड्यात दिसतं. या रकान्यात दोष आहे, हेही सांगतो. कमकुवत संघातल्या चांगल्या माणसाला तो नाहक उणे करतो, आणि भारी संघातला सामान्य माणूस इतरांच्या जिवावर अधिकमध्ये जातो. एकट्या प्लस-मायनसवर माणूस तोलू नये.

शिक्षेचा विषय निघाला म्हणून मारिओ लेम्यूचा एक सामना सांगतोच. चुकीचा अडथळा आणला, काठी मारली की खेळाडूला साधारण दोन मिनिटं बाजूच्या पेटीत बसवतात आणि त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्यांसाठी तो पॉवर प्ले. तर ३१ डिसेंबर १९८८ ला पिट्सबर्गच्या लेम्यूनं न्यू जर्सीविरुद्ध पाच गोल मारले, आणि पाचही वेगवेगळ्या प्रकारचे. एक दोन्ही संघ बरोबरीनं असताना. एक पॉवर प्लेमध्ये. एक स्वतःचा संघ एक माणूस कमी असताना. एक पेनल्टी शॉटवर, म्हणजे एकटा तो आणि समोर गोलरक्षक. आणि शेवटचा रिकाम्या जाळीत, कारण हरणारा संघ शेवटच्या मिनिटाला गोलरक्षक बाहेर काढून जादा आक्रमक आत घेतो. हा खेळ ज्याला समजून घ्यायचा आहे, त्यानं हे पाच गोल एका ओळीत लिहून ठेवावेत, अर्धे नियम त्यातच येतात.

याच लेम्यूला १९९३ मध्ये हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. २ मार्चला शेवटचं रेडिएशन झालं आणि त्याच रात्री तो फिलाडेल्फियात सामना खेळला; एक गोल, एक असिस्ट. त्या मोसमात तो फक्त ६० सामने खेळला, तरी १६० पॉइंट करून आर्ट रॉस त्यानंच नेली. कारकिर्दीत ९१५ सामन्यांत १७२३ पॉइंट, सामन्यामागे १.८८. ग्रेट्झकीचा भागाकार १.९२. इतकाच फरक. आजारपणानं आणि पाठीनं खाल्लेले सामने कुठल्याच तक्त्यात लिहिले जात नाहीत.

गोलरक्षकाचा हिशेब वेगळ्याच वहीत असतो. त्याचे तीन-चार आकडे पाहतात: किती सामने जिंकले, किती सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि आलेल्या शंभर फटक्यांपैकी किती अडवले. जिंकलेल्या सामन्यांत न्यू जर्सीचा मार्टिन ब्रोडर पहिला, ६९१. शून्य गोलाचे सामने १२५, त्यातही पहिला. पण विजय हा संघाचा असतो, आणि त्याच्यासमोरचा बचाव त्या काळातला सर्वात घट्ट होता. फटके अडवण्याच्या प्रमाणात झेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेकचं नाव वर येतं, .९२२. वाचायचं असं: हजार फटक्यांत ९२२ अडवले. दुसऱ्या कुणाचे .९१२ असतील तर फरक किरकोळ वाटतो. गणित करून पाहा. सामन्याला तीस फटके, मोसमात सत्तर सामने, म्हणजे २१०० फटके. त्यातला एक टक्का म्हणजे २१ गोल. एकेका गोलानं सामने ठरणाऱ्या खेळात २१ गोल! सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी हाशेकनं १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ घेतली, आणि १९९८ लाच नागानोत झेक संघाला ऑलिम्पिक सुवर्णही मिळालं.

ग्लेन हॉलचा आकडा मात्र मी पुन्हा पुन्हा तपासला. १९५५ ते १९६२, सलग ५०२ सामने, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत, एकही न चुकवता. आणि तोंडावर मुखवटा नाही. १ नोव्हेंबर १९५९ ला मॉन्ट्रियलच्या जाक प्लांतच्या तोंडावर पक आदळला, टाके घालून तो परत आला तो मुखवटा लावूनच. तिथून मुखवट्याची पद्धत रुळली. त्याआधी ही माणसं उघड्या तोंडानं त्या रबरासमोर उभी राहायची. मी ती टायरची चकती हातात घेऊन हे वाचत होतो.

ट्रॉफ्या पुष्कळ आहेत, सगळ्या सांगत नाही. फक्त ती कुणाच्या मतानं मिळते हे पाहावं. हार्ट ट्रॉफी हॉकीवर लिहिणारे पत्रकार ठरवतात. तसाच एक मान खेळाडू आपसांत मतं देऊन ठरवतात. आक्रमक असूनही बचावात राबणाऱ्यासाठी सेल्की ट्रॉफी १९७८ ला सुरू झाली, आणि पहिली चार वर्षं ती मॉन्ट्रियलच्या बॉब गेनीला मिळाली. त्याचा तक्ता पाहिला तर ११६० सामने, ५०१ पॉइंट. ग्रेट्झकीनं तीन मोसमांत याहून जास्त केले. पण गेनीचं काम समोरच्या संघाच्या सर्वात धोकादायक माणसाला बांधून ठेवायचं. जे गोल झालेच नाहीत, ते कुठे लिहिणार? म्हणून त्याच्यासाठी मतांचा रकाना काढावा लागला. पाच स्टॅनली कप जिंकलेला हा माणूस १९९२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. माझ्या गावचा तो घोटे धरणारा गडी मला गेनीचा नात्यातला वाटतो.

आता स्टॅनली कप. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ मध्ये दिलेला हा चषक. जवळपास तीन फूट उंच, साडेपंधरा किलो वजनाचा. दरवर्षी नवा बनत नाही, तोच फिरतो, आणि जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येक खेळाडूचं नाव त्यावर कोरतात. १९९५ पासून प्रत्येकाला तो एक दिवस आपल्या गावी न्यायला मिळतो. सर्वाधिक कप जिंकणारा खेळाडू आंरी रिशार, मोरीसचा धाकटा भाऊ, ११ कप. इथेही ओलीत-कोरडवाहू विचारायचंच: १९४२ ते १९६७ लीगमध्ये फक्त सहा संघ होते.

उलट बाजूला रे बोर्क. बोस्टनसाठी एकवीस मोसम खेळला, बचावपटूंमध्ये सर्वाधिक १५७९ पॉइंट केले, पण कप नाही. मार्च २००० मध्ये तो कोलोरॅडोला गेला. ९ जून २००१ ला अंतिम मालिकेचा सातवा सामना जिंकला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. रिवाज असा की कर्णधार आधी कप डोक्यावर उचलतो. कर्णधार जो सॅकिकनं कप हातात घेतला आणि न उचलता थेट बोर्कच्या हाती दिला. तो बोर्कचा शेवटचा सामना ठरला. पुढे बोस्टनच्या लोकांनी दुसऱ्या संघानं जिंकलेला तो कप आणि आपला बोर्क पाहायला भर चौकात हजारोंनी गर्दी केली. आकड्यात बोर्कचा कप एक, रिशारचे ११. मला तरी त्या एकाचं वजन कमी वाटत नाही.

निवृत्तीनंतरचा सर्वात मोठा मान टोरांटोचा हॉकी हॉल ऑफ फेम. शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षं थांबावं लागतं. अठरा जणांची समिती मतं देते, त्यातली चौदा मिळाली तरच नाव लागतं. ऑरसाठी ही तीन वर्षांची अट शिथिल केली आणि तो ३१ व्या वर्षीच तिथे पोचला. इथे फक्त एनएचएलच पाहतात असंही नाही. सोव्हिएत संघाचा गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. तीन ऑलिम्पिक सुवर्णं आणि दहा जागतिक विजेतेपदं घेऊन १९८९ मध्ये तो तिथे गेला. बायांना मात्र फार वाट पाहावी लागली. अँजेला जेम्स आणि कॅमी ग्रॅनॅटो या पहिल्या दोघी २०१० मध्ये निवडल्या गेल्या. हेली विकनहायझर २०१९ ला: कॅनडासाठी चार ऑलिम्पिक सुवर्णं, आणि खेळ संपल्यावर ती डॉक्टर झाली. आमच्या वाचनालयातल्या मुलींना मी तिचं नाव वहीत लिहून दिलं, आणि सोबत हेही सांगितलं की लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या पोरी असलेल्या भारतीय महिला संघानं २०२५ च्या आशिया कपमध्ये कांस्य आणलं.

एक नाव असं आहे जे तक्त्यात शोधलं तर हाती लागणारच नाही. विली ओ'री. ४५ सामने, ४ गोल, १० असिस्ट. १८ जानेवारी १९५८ ला बोस्टनकडून उतरलेला हा एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याआधी दोन वर्षं पक लागून त्याचा उजवा डोळा जवळपास गेला होता. संघाला कळलं असतं तर खेळू दिलं नसतं, म्हणून त्यानं ते लपवलं. डाव्या बाजूनं खेळताना पक उजवीकडून येतो. तो पूर्ण मान वळवून पाहायचा. प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत खेळायचा. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेमनं त्याला खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळ उभा करणाऱ्यांच्या वर्गात घेतलं. २०२२ मध्ये बोस्टननं त्याचा २२ नंबर मानानं कायमचा बाजूला ठेवला. चौदा पॉइंटच्या माणसाचा.

कपवरची नावंही कायम राहत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. खालच्या मोठ्या नळकांड्यावर पाच पट्टे असतात, एका पट्ट्यावर तेरा वर्षांची जागा. सगळे भरले की सर्वात जुना पट्टा काढून टोरांटोला जतन करतात, बाकीचे वर सरकतात आणि खाली कोरा पट्टा बसतो. २०१८ मध्ये १९५४ पासूनच्या विजेत्यांचा पट्टा निघाला, आणि त्याबरोबर गॉर्डी हाउ आणि मोरीस रिशार यांची नावं कपवरून उतरली.

यंदा दिवाळीनंतरच्या स्पर्धेचा तक्ता आखताना मी पेन्सिलीनं एक रकाना वाढवला. वर लिहिलं, 'साथ'. घोटा कुणी धरला, साखळी कुणी लावली, हे त्यात. पाहायला जड जातं, कारण नजर रेडरवरून काढून खाली पायांकडे ठेवावी लागते. तो नववीतला पोरगा बाजूला बसला होता, मी नंबर सांगायचो, तो रेघ मारायचा. पहिल्या सामन्यात त्या रकान्यात सात रेघा पडल्या. त्यातल्या चार एकाच पोराच्या, पाच नंबरच्या. मध्यंतरात मी त्याच्या संघाच्या बाकापाशी गेलो आणि त्याचं नाव विचारून घेतलं.